शेवटचं कोरं पान

६ जानेवारी २०२५, सोमवार

खताच्या दुकानातून दर वर्षी फुकट मिळणारी डायरी मी आजवर कुणाला तरी देऊन टाकायचो. यंदा ठेवून घेतली. तीस वर्षांत पहिल्यांदाच आमच्या वाचनालयात काहीतरी घडणार आहे आणि एकतीस मार्चला मी निवृत्त होतोय. म्हणजे जे काही घडायचं ते या तीन महिन्यांतच.

साताऱ्याच्या नभांगण मंडळाकडून पार्सल आलं. मराठीतल्या विज्ञान कादंबरीला ते पुरस्कार देतात. अंतिम फेरीत पाच कादंबऱ्या आहेत. यंदा त्यांनी परीक्षकांच्या बरोबरीनं वाचकांचंही मत घ्यायचं ठरवलंय. सातारा-सांगलीतली आठ वाचनालयं निवडली, त्यात आमचं पलूसचं. पाच पुस्तकांचा एक संच आणि मतांचे छापील फॉर्म. ज्या वाचकाची मतं सर्वांत चांगली ठरतील, त्याला तेवीस मार्चच्या समारंभात व्यासपीठावर बसवून बोलायला लावणार.

खरं लिहायचं तर पत्र वाचल्यावर मला वाचकांची आठवण झालीच नाही. स्वतःचीच झाली. तीस वर्षं मी लोकांच्या हातात पुस्तकं दिली. "हे कसंय ओ?" असं विचारतात, आणि उत्तर ऐकायच्या आत पुस्तक पिशवीत घालून चालायला लागतात. मला एकदा, एकदाच, व्यासपीठावर बसून मत द्यायचंय. माझे वडील म्हसवडच्या माळावर मेंढरं राखायचे. आमच्या घरात पुस्तक वाचणारा मी पहिला आणि तसं बघितलं तर माझी लेक प्रांजल शिकून पुण्याला जाईपर्यंत एकटाच.

आज सोमवार, वाचनालयाला सुट्टी. म्हणजे पुसायचा दिवस. पलूसच्या वाचकांना एक खोड आहे, पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं अभिप्राय लिहायची. 'मस्त.' 'भंगार, वाचू नये.' 'शेवट आधीच कळतो.' भिंतीवर सूचना लावून झाली, दंड करून झाला. शेवटी मीच हरलो आणि खोडरबर हातात घेतलं. दर सोमवारी आठवड्यात परत आलेली पुस्तकं काढतो आणि शेवटचं पान साफ करतो. काय लिहिलंय ते वाचत नाही, वाचलं की राग येतो. तपासणीला आलेले साहेब एकदा म्हणाले होते, एवढी स्वच्छ पुस्तकं जिल्ह्यात दुसरीकडं बघितली नाहीत.

११ जानेवारी, शनिवार

वाचक मंडळाची पहिली बैठक. अठरा जणांना सांगितलं होतं, आले दोघे. हायस्कूलला विज्ञान शिकवून निवृत्त झालेले नाथाजी सर आणि कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या अंकिता मॅडम. सरांनी पुस्तकं हातात घेऊन जोखली. म्हणाले, "बिरदेव, विज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलं रं. आता त्याच्या गोष्टी कशाला वाचायला लावतोस?" तरी 'ढगांचा लिलाव' घेऊन गेले. मॅडमनी 'समुद्राखालची शाळा' नेली.

मी सगळ्यांत जाड पुस्तक घेतलं, 'प्रकाशवेगापलीकडचा प्रश्न'. साठ पानं झाली. काहीही कळलेलं नाही, त्यामुळं पुस्तक नक्कीच मोठं असणार.

कपाटाची कडी मोडल्यापासून उरलेला संच मी पिशवीत घालून घरी आणतो. दुपारी जेवून तासभर आडवा होतो, तेवढा वेळ पिशवी माजघरात खुंटीला असते. हरणा म्हणाली, "एवढं वजनाचं रोज कशाला वागवताय? ठिवा की हितंच." हरणा म्हणजे माझी बायको. तिला पुस्तक म्हणजे वजन.

२० जानेवारी, सोमवार

फॉर्म परत यायला लागले. नाथाजी सर: 'ठीक.' कोणी तरी: 'छान आहे, चित्रं हवी होती.' अंकिता मॅडमचा फॉर्म दोन पानी आहे, पण त्यात पुस्तकापेक्षा मॅडमच जास्त आहेत. असली मतं पाठवली तर पलूसचा नंबर आठात आठवा.

दुपारी पुसायला बसलो. 'यानातली सातवी पिढी' हे पुस्तक दोघांच्या हातून फिरून आलंय, मधे घरीही होतं. शेवटच्या पानावर तळापासून वरपर्यंत पेन्सिलीचं अक्षर, दाबून लिहिलेलं. निम्मं पुसून झालं आणि 'धोंडे' हा शब्द डोळ्यांत आला. विज्ञान कादंबरीत धोंडे कुठून आले म्हणून थांबलो आणि वाचलं. मग पुसलेलं निम्मंही खिडकीशी तिरकं धरून, कागदात उमटलेल्या खुणांवरून लावलं. इथं उतरवून ठेवतो:

'दोनशे वर्षं यान चालतंय, सात पिढ्या होतात. पण निघताना कुणी मागं वळून बघितलेलं नाही. मुक्काम हलवताना बाई शेवटी चुलीच्या तीन धोंड्यांकडं एकदा बघते. ते काळे झालेले असतात आणि बरोबर नेता येत नाहीत. लेखकानं सगळं सामान यानात चढवलं, मागं काय राहिलं ते लिहिलं नाही. पण त्या पोरीला माती म्हणजे काय ते माहीत नसतं, ते पान मी चार वेळा वाचलं.'

तीनदा वाचलं मी. मी पण ते पुस्तक वाचलंय, आणि माझ्या वहीत लिहिलंय, 'आशयघन कलाकृती'. स्वतःचीच लाज वाटली.

कोण असेल हा? शिकलेला माणूस आहे. नाथाजी सर फॉर्मवर मुद्दाम 'ठीक' लिहून इथं मन मोकळं करत असतील काय?

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनाला सरांना आडून विचारलं. "सर, तुम्ही कधी फिरतीवर, मुक्कामाला राहिलाय?" म्हणाले, "इलेक्शन ड्यूटीला." ते नव्हेत. शिवाय त्यांच्या सभासद अर्जावरचं अक्षर बघितलं, मुंगीच्या पायांसारखं आहे. हे अक्षर गोल आणि ठसठशीत आहे.

संध्याकाळी हरणा भाकरी थापता थापता म्हणाली, "आवं, त्या यानात माणसं मरत असतील तवा कुठं नेत असतील? जागा तर न्हाई." चांगला प्रश्न आहे. पुस्तकात त्यावर एक प्रकरणच आहे. मी तिला कधी गोष्ट सांगितली ते आठवेना. मी हल्ली झोपेत बोलतो की काय देव जाणे.

३ फेब्रुवारी, सोमवार

आज खोडरबर खिशातच ठेवलं. तेच अक्षर आणखी दोन पुस्तकांत.

'ढगांचा लिलाव' वर: 'ढग विकणारे आहेत, घेणारे आहेत. ज्यांना घेता येत नाही ते सगळे नुसते रडतात. असं नसतं. ढग रिकामा गेला की आमच्याकडं माणसं त्याची चेष्टा करतात, याला काय घाई झालीय, सासुरवाडीला निघालाय काय म्हणतात. कोरड्या सालात माणूस हसतो, हे लेखकाला माहीत नाही.'

आणि माझ्या त्या जाड पुस्तकावर: 'हे पुस्तक हुशार आहे आणि ते आपल्याला दर पानावर सांगतं. असल्या पाहुण्याला दुसऱ्यांदा चहा विचारू नये.'

मी दोनशे चाळीस पानांपर्यंत पोचलो होतो. पुस्तक मिटून ठेवलं आणि खूप दिवसांनी एकटाच हसलो.

'आमच्याकडं' म्हणजे कुठं? माणदेशातला कुणी असणार, माझ्याच भागातला. नोकरीनिमित्त इकडं आलेला असेल. अशा माणसाशी बसून बोलायला मिळालं असतं तर ही तीस वर्षं वेगळी गेली असती. घरी तर बोलणं म्हणजे दळण, गॅस आणि प्रांजलचा फोन.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज दूध उतू गेलं. तसं बघितलं तर लिहिण्यासारखं काही नाही, पण हरणाच्या हातून कधी जात नाही म्हणून लिहितो. मी आडवा झालो होतो, वासानं उठलो. ही गॅसच्या कट्ट्याखाली बसलेली, दूध उतू जाऊन कट्ट्यावरून खाली आलेलं आणि हिचं लक्षच नाही. डोळे सुजलेले. विचारलं तर म्हणाली, "आईची सय आली." तिची आई दिवाळीच्या आधी गेली. मी म्हटलं, होतं असं, आणि चहा मीच केला.

पिशवीतली पुस्तकं आज जरा उलटसुलट होती. उंदीर झालेत काय बघायला पाहिजे.

१० फेब्रुवारी, सोमवार

'आईची प्रत' वर लिहिलंय:

'मेलेल्या आईचा आवाज यंत्रात भरतात आणि ते यंत्र मुलीशी बोलतं. ते कधी रागवत नाही. मुलगी बोलत असताना दुसरीकडं बघत नाही. तिचं सगळं ऐकून घेतं. इतकं ऐकून घेणारी आई कुणाची असते? लेखकानं तिला निदान खोकला तरी द्यायला पाहिजे होता. तरी मुलगी शेवटी यंत्र बंद करायला जाते आणि करत नाही, तिथं मला पुढचं दिसेना.'

माझी आई बारा वर्षांपूर्वी गेली. तिच्या खोकल्याचा मला त्रास व्हायचा, मी उशी घेऊन गच्चीवर झोपायला जायचो.

अक्षरावरून विचार करत होतो. शिकणाऱ्याचं असतं तसं आहे, प्रत्येक अक्षर स्वतंत्र काढलेलं. यावरून आठवलं. लग्नानंतर पहिल्या वर्षी मी हरणाला पाटीवर शिकवायचो. ती लिहायची, मी बघायचो, बरोबर असलं की ओल्या फडक्यानं पुसून पुढचं काढून द्यायचो. बाराखडी झाली, जोडाक्षरं झाली, मग प्रांजल झाली आणि ते राहूनच गेलं. आता एसटीची पाटी वाचते, तेवढं पुरे होतं तिला.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मतं पाठवायचा शेवटचा दिवस. सूचना फलकावर चिठ्ठी लावली होती, 'शेवटच्या पानावर लिहिणाऱ्या वाचकाने कृपया ग्रंथपालास भेटावे, दंड होणार नाही.' कुणी आलं नाही. दोघं आले, पण ते 'भंगार'वाले निघाले.

फॉर्मवर छापलंय, 'मत देणाऱ्याचे नाव व सही आवश्यक. निनावी मत धरले जाणार नाही.' 'समुद्राखालची शाळा' वरही तेच अक्षर सापडलं होतं, म्हणून पाचही पुस्तकांवरची मतं माझ्या अक्षरात सुवाच्य उतरवली. नावाची जागा तासभर कोरी ठेवली. मग लिहिलं, बिरदेव काळेल, ग्रंथपाल. तात्पुरतं. खरा माणूस सापडला की मंडळाला कळवता येईल. नाही तर इतकी चांगली मतं माझ्या खोडरबरानंच गेली असती ना?

असं मी स्वतःला सांगितलं आणि पाकीट टाकलं. पोस्टातून बाहेर पडल्यावर पान खाल्लं. मी पान खात नाही.

३ मार्च, सोमवार

साताऱ्याहून फोन! पलूसची निवड. मंडळाच्या बाई म्हणाल्या, "काळेल साहेब, तुमच्या चुलीच्या धोंड्यांनी आमचे परीक्षक भांडायला लागलेत." साहेब म्हणाल्या. तेवीस तारखेला मी बोलायचं, पंधरा मिनिटं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. "हॅलो, ऐका" एवढं म्हटलंही. त्यांना दुसरा फोन येत होता.

संध्याकाळपर्यंत गावभर. आमचे अध्यक्ष नानासो स्वतः वाचनालयात आले, चार वर्षांत पहिल्यांदा. "बिरदेव, लेका, नाव काढलंस पलूसचं!" एकतीसला माझा जंगी निरोप समारंभ करायचं जाहीर करून गेले.

हरणाला सांगितलं. ती म्हणाली, "लय चांगलं झालं." मग विचारलं, "तुमास्नी आवडलं हुतं व्हय ते सगळं? खरंच?" मी म्हटलं, आवडलं म्हणून तर पाठवलं. ती आत गेली आणि गोडाचा शिरा केला. सणवार नसताना.

९ मार्च, रविवार

भाषणाची तालीम. ऐकायला कुणी तरी हवं म्हणून हरणाला समोर बसवलं. मी पाचही मतं म्हणून दाखवली, हातवारे वगैरे करून. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत, खाली बघून ऐकत होती. चेहरा तसाच, जसा तिला पहिल्यांदा आकाशवाणीवर गाणं ऐकवलं होतं तेव्हा होता.

मधेच म्हणाली, "तिथं एवढं वरडू नगा. चुलीच्या धोंड्याचं हळू म्हना. बाई बगती ती कुनाला दावाय न्हाई बगत."

मी जरा चिडलोच. पण नंतर हळू म्हणून बघितलं, आणि बरोबर वाटलं. शिक्षण नाही, पण कान चांगला आहे हिला.

आणखी एक. 'खोकला' शब्द आला तेव्हा ती उठून पाणी प्यायला गेली आणि पाच मिनिटं आलीच नाही.

२० मार्च, गुरुवार

नीट लिहितो. घडलं त्या क्रमानं.

नव्या ग्रंथपाल मुलीकडं चार्ज द्यायचा म्हणून तीन दिवस मोजदाद चालली आहे. फाटकी, बाद करायची पुस्तकं वेगळी काढत होतो. एकाचं शेवटचं पान सहज खिडकीशी धरलं. गेल्या दोन महिन्यांपासून तशी सवयच लागलीय. पुसलेल्या अक्षराच्या खुणा. तेच गोल, दाबून काढलेलं अक्षर. पुस्तक दोन हजार अकरा साली आलेलं.

दुसरं बघितलं, तिसरं बघितलं. सगळ्यांत नव्हतं. पण बादच्या दीडशे पुस्तकांत एकोणीस सापडली. सगळ्यांत जुनं सत्याण्णवचं, त्यातलं अक्षर अजून मोठं, रेघ सोडून वरखाली गेलेलं.

एवढी वर्षं येणारा वाचक म्हणजे नाव सापडणारच. देवघेवीची रजिस्टरं काढली आणि एकेका पुस्तकाचा नंबर शोधला, कुणी कुणी नेलं होतं ते. पहिल्यात तीन नावं, दुसऱ्यात दोन. सत्याण्णवच्या त्या पुस्तकावर एकच नाव. मग बाकीची ताडून बघितली. वेगवेगळी माणसं, वेगवेगळी वर्षं. एकोणीसच्या एकोणीस पुस्तकांत असलेलं नाव एकच होतं. सभासद क्रमांक एक, बिरदेव काळेल. म्हणजे मी स्वतःच्या नावावर घरी नेलेली पुस्तकं.

मी लिहिलेलं नाही. माझ्या घरात दुसरं कोण आहे?

मी तिथंच फरशीवर बसलो. धोंडे, तिचं माहेर मेंढरांमागं मुक्काम हलवत फिरायचं. रिकामा ढग. उतू गेलेलं दूध. हे सगळं मी याच डायरीत माझ्या हातानं लिहून ठेवलंय. आणि तीस वर्षं, दर सोमवारी, मी.

घरी गेलो. ती दारात तांदूळ निवडत होती. मी सत्याण्णवचं पुस्तक तिच्यापुढं ठेवलं. म्हटलं, "हरणा, मला कवा बोलली का न्हाईस?"

तिनं पान बघितलं. ओळखलं. "बोलायचं काय? तुमास्नी ठावं हुतं की."

"मला? मला कसं ठावं असंल?"

"तुमी पुसत हुता की दर सोमवारी." ती माझ्याकडं बघत राहिली. "पाटीवर असंच करायचा तुमी. म्या लिवायची, तुमी बगायचा, आन बरुबर असलं की पुसायचा. म्या म्हनलं, अजून तसंच चाललंय. वाचत्यात आन पुसत्यात."

मी म्हटलं, "म्या वाचत नव्हतो, हरणा. नुसता पुसत हुतो."

तिच्या हातातलं सूप तसंच राहिलं. "एक पन न्हाई?" असं तिनं विचारलं. मी मान हलवली. ती उठून आत गेली. मी तांदूळ निवडत बसलो, खडे दिसत नव्हते.

२१ मार्च, शुक्रवार

सकाळपासून ती कामापुरतं बोलली. दुपारच्या जेवणाला मीच विषय काढला. फॉर्मवर माझं नाव घातलं ते कबूल केलं. ती म्हणाली, "म्या म्हनलं, फारमावर घरच्या मानसाचंच नाव लिवायची रीत असंल. रेशनकार्डावर असतंय तसं." तिच्या मनात खोट नव्हती, म्हणून मला जास्त लागलं.

मग म्हणाली, "तुमीच बोला साताऱ्याला. मला हितं जमत न्हाई, तिथं काय जमतंय? तुमी किती दिस म्हनताय, एकदा स्टेजवर बसायचं. बसा."

ती मनापासून म्हणाली. म्हणजे वाट मोकळी आहे. कुणाला कळणार नाही, जिला कळलंय तिची हरकत नाही, आणि दहा दिवसांनी मी निवृत्त. खोटं कशाला लिहू, अर्धा दिवस मी त्याच वाटेनं विचार करत होतो. व्यासपीठावरची खुर्चीसुद्धा डोळ्यांपुढं आली, पांढरं कापड घातलेली.

२२ मार्च, शनिवार

नानासो म्हणाले, उद्या माझ्या गाडीतून चल. गाडीत एकच जागा आहे. "वैनीस्नी कशाला? कंटाळत्याल तिथं." मी म्हटलं, आम्ही दोघं एसटीनं येतो. नानासोंना राग आला. मला बरं वाटलं. पण उद्या काय बोलायचं ते अजून ठरलेलं नाही.

२४ मार्च, सोमवार

काल लिहायला त्राण नव्हतं.

कराडला गाडी बदलून साडेदहाला साताऱ्यात पोचलो. हॉल भरलेला. हरणाला तिसऱ्या रांगेत बसवलं आणि मला वर नेलं. खुर्चीवर खरंच पांढरं कापड होतं. पाचही लेखक पहिल्या रांगेत होते. माझं नाव पुकारलं, टाळ्या झाल्या.

खिशातून भाषणाचा कागद काढला. चुलीच्या धोंड्यांपासून सुरुवात होती. पहिलं वाक्य म्हटलं आणि खाली बघितलं. हरणा ओठ हलवत होती, माझ्याबरोबर. तिला पाठच होतं, तिचंच ते. पुढचं वाक्य माझ्या तोंडून येईना. अगदी येईना. कुणी तरी पाणी आणून दिलं.

मी म्हटलं, "ही मतं माझी नाहीत. मी ती उतरवून घेतली आणि खाली स्वतःचं नाव घातलं. ही माझ्या बायकोची आहेत. हरणाबाई काळेल. शाळेत गेलेली नाही. गेली तीस वर्षं ती पुस्तकांच्या मागं मत लिहितेय आणि मी ती न वाचता पुसतोय. माझं स्वतःचं मत तुम्हाला हवं असेल, तर ते 'आशयघन कलाकृती' असं आहे."

एक-दोघं हसले. नानासो जमिनीकडं बघत होते. मंडळाच्या बाईंनी विचारलं, त्या आल्यात का? हरणा उठली. वर यायला तयार होईना. माइकच तिच्याकडं नेला. तिनं पदर सारखा केला. माइक कसा धरायचा ते कळेना म्हणून दोन्ही हातांनी धरला.

'आईची प्रत'चा लेखक पोरसवदा आहे. तोच उठून मागं वळला आणि म्हणाला, "मावशी, खोकल्याचं तुमचं खरं आहे. पण मला सांगा, तुमच्या आईला अशी काय सवय होती?"

हरणा म्हणाली, "माजी आई बोलता बोलता मधीच थांबून शेरडास्नी हाका मारायची. आपुन काय तरी मनातलं सांगावं, आन हिनं मधीच हाक मारावी. लय राग यायचा बगा मला." मग म्हणाली, "आता बाकीचं काय ध्यानात न्हाई. तेवडी हाक तेवडी हाय."

तो पोरगा उभाच राहिला. मी वर, पांढऱ्या खुर्चीपाशी उभा होतो आणि रडत होतो. लपवलं नाही.

बाहेर नानासो भेटले. "आदल्या दिशी सांगायचं हुतंस रं. निरोपाचा फ्लेक्स छापून झालाय माझा." समारंभ रद्द झाला असं त्यांनी तिथंच सांगितलं. मी बरं म्हटलं.

येताना एसटीत हरणाला खिडकीची जागा दिली. ती तीन दिवसांनी पहिल्यांदा आपणहून बोलली. म्हणाली, "ते हुशार पुस्तकवालं मास्तर भेटलं. मला म्हनलं, एकदा घरी चहाला या." आणि तोंडाला पदर लावून हसली.

३१ मार्च, सोमवार

चार्ज दिला. किल्ल्या, रजिस्टरं, शिक्के. समारंभ नव्हता. नाथाजी सर शाल घेऊन आले, ती माझ्या खांद्यावर न टाकता म्हणाले, "ही वैनीस्नी दे." नव्या मुलीनं विचारलं, शेवटच्या पानांचं काय करायचं? मी म्हटलं, आधी वाचत जा. खोडरबर मी बरोबर आणलं.

ती एकोणीस बाद पुस्तकंही मागून आणली. दुपारी दोघं खिडकीत बसलो. मी पान तिरकं धरायचो आणि लावायचो. बहुतेक ठिकाणी काहीच लागलं नाही. मी रबर फार घासून वापरायचो. तिला विचारलं, इथं काय लिहिलं होतंस? "आता कुठलं आटवतंय," म्हणाली. एका पुस्तकात एवढंच लागलं, 'यातला म्हातारा खोटं बोलतोय.' कुठला म्हातारा ते तिलाही सांगता येईना. बाकीचं गेलं. ते मी घालवलं, आणि ते परत येणार नाही.

ही डायरी आता तिच्या हातात देतो. पेन्सिलही देतो. डायरीचं शेवटचं पान कोरंच आहे.

*(पेन्सिलीनं)*

वाचली. माणूस सरळ आहे, पण घर सोडून सगळीकडं बघतो. एकदा दूध उतू गेलं ते लिहिलंय, बाकीची तीस वर्षं गेलं नाही ते लिहिलेलं नाही. घरात उंदीर नाहीत. वीस मार्चचं पान दोनदा वाचलं. तांदळात खडे राहिले होते, ते मी दुसऱ्या दिवशी काढले. पुरस्कार कुणाला मिळाला ते लिहायचं राहिलंय. बाकी बरी आहे. पुसू नये.